बाबांचा प्रोस्टेट एमआरआय आणि त्यासोबतचा एआय रिपोर्ट: साडेतीन स्टार, अर्धा फक्त टेक्निशियनदादांसाठी

सेंटरचं नाव टाकणार नाहीये, आधीच सांगते. एक तर त्यांच्या ३-४ ब्रांच आहेत, एकीचा राग दुसरीवर कशाला, आणि दुसरं म्हणजे बाबांचं पुढचं स्कॅनपण तिथेच करायचंय. पुण्यातलं आहे एवढं पुरे. बुकिंगच्या आधी मी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते दोन रात्री शोधत होते आणि "प्रोस्टेट वाढल्यावर काय खावे" याच्या पलीकडे काही सापडलं नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

बाबा ६८ वर्षांचे, साताऱ्याकडचे, भूमी अभिलेखमधून रिटायर झालेले भूकरमापक, म्हणजे गावात ज्याला मोजणीवाले म्हणतात ते. मागच्या वर्षी रात्री चार-चार वेळा लघवीला उठायला लागले. आई म्हणाली वय झालं, बाबा म्हणाले पाणी जास्त झालं, आणि असं करत सहा महिने गेले. मग एका हेल्थ पॅकेजमध्ये पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, रक्त तपासून मोजतात) ५.६ आला. साधारण ४ च्या वर गेला की लॅबवाले ठळक अक्षरात छापतात आणि आपल्या पोटात गोळा येतो, पण पीएसए नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही वाढतो, इन्फेक्शननेही वाढतो, हे त्या कागदावर कोणी छापत नाही. मग एका दुसऱ्या ठिकाणी १.५ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) एमआरआय झाला, डाव्या बाजूला ९ मिमीचा डाग निघाला, पायरॅड्स ४. पायरॅड्स म्हणजे रेडिऑलॉजिस्टने दिलेला संशयाचा नंबर, १ ते ५, जितका मोठा तितका संशय जास्त. मग बायोप्सी. एमआरआयवरचा डाग सोनोग्राफीच्या स्क्रीनवर जुळवून तिथेच सुई घालतात ती, फ्यूजनवाली. १४ तुकडे काढले, २ मध्ये कॅन्सर सापडला. ग्लीसन, म्हणजे पेशी किती बिघडल्यात त्याचा ग्रेड, ३+३=६.

इथे एक गोष्ट सांगते कारण आमच्या घरात यावरून रडारड झाली होती. ग्लीसन ६ म्हणजे दहापैकी सहा मार्क, अर्ध्याच्या वर गेलं, असं नसतं. हल्ली बायोप्सीत कॅन्सर म्हणून जो सगळ्यात खालचा ग्रेड देतात तोच ६ आहे. खालच्या पायऱ्या नावालाच उरल्यात.

युरोलॉजिस्ट म्हणाले ऑपरेशन नको, रेडिएशन नको, लक्ष ठेवू. ॲक्टिव्ह सर्व्हेलन्स. बाबांनी लगेच त्याचं मराठी केलं, "म्हणजे पाळत." तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाळतच म्हणतात. काकांना मात्र हे अजिबात पटलं नाही, कॅन्सर आहे म्हणताय आणि नुसते बघत बसताय, आमच्या इथल्या अमक्याने काढून टाकला आणि मोकळा झाला वगैरे. तो अमका काढून टाकल्यापासून पॅड लावून फिरतो हे काकूंनी हळूच आईला सांगितलं तो भाग वेगळा.

काकांना गप्प करायला मी ब्रिटनच्या प्रोटेक्ट ट्रायलचे आकडे वाचले. १६४३ पुरुषांचे तीन गट केले, एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसती देखरेख, आणि १५ वर्षांनी २०२३ मध्ये जे छापून आलं त्यात प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू तिन्ही गटांत शंभरात तीनच्या आसपास. पण काकांना मी हेही सांगितलं, लपवलं नाही, की देखरेखवाल्या गटात कॅन्सर बाहेर पसरायचं प्रमाण ९ टक्क्यांच्या वर होतं आणि बाकीच्या दोघांत ५ च्या आसपास. तेव्हाची देखरेख मुख्यतः पीएसएवर चालायची, एमआरआय नव्हता. आता आहे. म्हणून तर हा सगळा खटाटोप. पाळत ठेवायची तर डोळा नीट हवा.

तर आता सेंटर. वर्षभराने दुसरा एमआरआय करायचा होता आणि यावेळी डॉक्टर म्हणाले ३ टेस्लावर करा. या सेंटरकडे ते मशीन होतं आणि वर "एआय असिस्टेड प्रोस्टेट रिपोर्ट" अशी पाटी. एमआरआयचे १०,५०० आणि एआयचे २,००० जादा. मेडिक्लेममधून काही नाही, ॲडमिट न होता केलेली तपासणी आमच्या पॉलिसीत बसत नाही. मी काउंटरवर विचारलं, मॅडम, हे एआय नक्की करतं काय? तर उत्तर आलं, "अहो ॲडव्हान्स्ड आहे." बरं. हे सॉफ्टवेअर कुणाच्या स्कॅनवर शिकवलंय, आपल्याकडच्या पेशंटवर तपासलंय का, असं विचारल्यावर त्यांनी आतल्या मॅडमना फोन लावला, आतल्या मॅडम जेवायला गेल्या होत्या. अजूनपर्यंत जेवतायत.

फोनवर तयारी सांगितली ती फक्त ४ तास उपाशी या. बस. क्रिएटिनिन लागेल हे सांगितलं नाही (कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देण्याआधी किडनी बघतात), ते तिथेच ४०० रुपये देऊन काढलं आणि दीड तास बसलो. आणि पोट साफ पाहिजे हे तर कोणीच बोललं नाही. आदल्या रात्री बाबांनी मटकीची उसळ आणि भाकरी दाबून खाल्लेली, वर मुळा. आता प्रोस्टेट असतं गुदाशयाच्या अगदी पुढ्यात, आणि तिथे गॅस साठला असेल तर एमआरआयमधली डिफ्यूजनची चित्रं वाकडीतिकडी येतात, नेमकी तीच चित्रं ज्यात डाग सगळ्यात चांगला दिसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत होतं टेक्निशियनदादांना. त्यांनी पहिलीच चित्रं बघितली, मशीन थांबवलं, बाहेर येऊन म्हणाले, "ताई, काकांच्या पोटात गॅस आहे, असंच काढलं तर चित्र येईल पण उपयोगाचं येणार नाही. एनिमा देऊ का, वीस मिनिटं लागतील." बाबा लाजेने लाल. मुलीसमोर एनिमाची चर्चा म्हणजे त्यांच्या हिशेबात जगबुडी. पण झालं, परत आत गेले, परत सगळं पहिल्यापासून. त्या दादांना काही गरज नव्हती, बाहेर आठ पेशंट होते, चार नंबरला बसलेल्या बाई मोठ्याने बडबडत होत्या. अर्धा स्टार त्यांचा. खरं तर पूर्ण द्यायला पाहिजे.

(सल्ला फुकट: आदल्या दिवशी कडधान्य, कोबी, मुळा बंद, एनिमाचं आधीच विचारा, आणि बायोप्सी झाली असेल तर मध्ये दोन महिने तरी जाऊद्यात, आत रक्त साकळलेलं असतं ते डागासारखं दिसू शकतं.)

आता मुख्य तक्रार. रात्री ९:४० ला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. मी समजले रिपोर्ट. उघडली तर रंगीत पान, मधोमध प्रोस्टेटचं राखाडी चित्र आणि त्यावर लालभडक पट्टा, वरच्या भागात, मध्यभागी, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाजूला संशयाचा १ ते १० मधला आकडा, ८. खाली डावीकडे जुना डाग, तो पिवळा, त्याला ५. आणि आकारमान ४३ मिली. डॉक्टरची सही कुठे नाही, दोन ओळींचं मत नाही, काही नाही. नुसतं यंत्राचं पान. मी ते बाबांपासून लपवलं पण आईपासून चेहरा लपवता येत नाही, तिने पाहिलं, मग बाबांनी पाहिलं, मग कोणीच जेवलं नाही. मी वेड्यासारखी जुना रिपोर्ट काढला, त्यात आकारमान ५२ मिली लिहिलेलं. नवा पीएसए ६.१. आणि मला तोपर्यंत पीएसए डेन्सिटी माहीत झाली होती, म्हणजे पीएसएला प्रोस्टेटच्या आकाराने भागायचं, मोठ्या प्रोस्टेटमधून पीएसए जास्त येणारच म्हणून. ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर भुवया उंचावतात. मागच्या वर्षी ५.६ भागिले ५२, ०.११. यावर्षी ६.१ भागिले ४३, ०.१४. रात्री साडेअकराला किचनच्या ओट्यावर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे करून मी घाबरून बसले. नवा लाल पट्टा, ८ आकडा आणि डेन्सिटी झपकन वर. संपलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिऑलॉजिस्टचा खरा रिपोर्ट आला आणि त्यात लाल पट्ट्याचा उल्लेखच नाही! मी तशीच सेंटरवर गेले, हट्टाने बसून राहिले, शेवटी त्या डॉक्टर मॅडमनी दहा मिनिटं दिली आणि त्या दहा मिनिटांसाठी मी बाकीचे तीन स्टार देतेय. त्यांनी स्क्रीनवर माउसचं चाक फिरवत एकेक काप दाखवला. "हे बघा, इथे उजवीकडे काळसर आहे, आता डावीकडे बघा. तेवढंच, तसंच. आरशात बघितल्यासारखं. हा सेंट्रल झोन, प्रोस्टेटचा नेहमीचाच एक भाग, बहुतेकांचा असाच काळसर दिसतो. मशीनला काळं दिसलं, त्याने लाल केलं. मागच्या वर्षीच्या फिल्मवरपण आहे तिथेच." आणि डावीकडचा जुना डाग मागच्या वर्षी ९ मिमी, आता ८, कडा तशाच. त्यांनी त्याला प्रिसाइज ३ दिला होता. प्रिसाइज हा पाळतीवरच्या पेशंटसाठीच बनवलेला स्केल आहे, २०१७ मध्ये छापला, २०२४ मध्ये सुधारला. पायरॅड्स विचारतो "डाग किती संशयास्पद?", प्रिसाइज विचारतो "मागच्या वेळेपेक्षा बदलला का?" १-२ म्हणजे कमी झाला, ३ म्हणजे आहे तसाच, ४-५ म्हणजे वाढला. पाळतीवर असलेल्या माणसाचा रिपोर्ट हातात आला की आधी हा नंबर शोधा. नसेल तर मागा.

मग मी डेन्सिटीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या जुन्या स्कॅनची सीडी आणा. फिल्म नाही, सीडी. आता घरात एकाही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, सीडी चालते की नाही तेही बघता येईना, तशीच फडक्यात गुंडाळून नेली. काउंटरवर परत तेच, जुन्या स्कॅनवर एआय चालवायचं तर पुन्हा २,०००. मी म्हणलं रात्री पावणेदहाला डॉक्टरने न बघितलेलं पान पाठवलंत त्याचे किती? मॅनेजर आले, फुकटात झालं.

आणि निघालं काय, तर जुन्या स्कॅनमध्येही सॉफ्टवेअरने मोजलेलं आकारमान ४२. बावन्न नाही, बेचाळीस! मागच्या वर्षी हाताने मोजताना लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची गुणिले ०.५२ असं केलं होतं, ५.२, ४.१, ४.७ सेंमी, येतात ५२. मॅडमनी उंची परत मोजली तर ३.८, मागच्या वेळी रेघ तिरकी जाऊन वरच्या शुक्राशयाचा (प्रोस्टेटला लागून असलेल्या वीर्याच्या पिशवीचा) थोडा भाग आत आला होता. एका बाजूला ९ मिमीची चूक आणि आकारमानात १० मिलीचा फरक. सॉफ्टवेअर प्रत्येक कापावर प्रोस्टेटची कड आखतं आणि सगळे काप मिळून मोजतं, त्याने दोन्ही वर्षं एकाच पद्धतीने मोजली. कड बरोबर आखलीय का ते मॅडमनी दोन्हीवर बघून घेतलं. म्हणजे मागची डेन्सिटी ०.११ नव्हतीच, ०.१३ होती, आणि आताची ०.१४. जवळपास तिथेच.

हे मी घरी येऊन बाबांना सांगायला लागले, सोपं करून, दोन वाक्यं झाली असतील, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "अगं हे मी तीस वर्षं ऐकलंय. जुनी मोजणी साखळीने नाहीतर प्लेन टेबलवर झालेली असायची, नंतर आम्ही ईटीएस, ते इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन, घेऊन जायचो, दोन गुंठे कमी भरले की शेतकरी शेजाऱ्याच्या अंगावर धावून जायचा, बांध कोरला म्हणून. बांध जिथल्या तिथे असायचा. मोजायचं हत्यार बदललेलं असायचं." मग स्वतःच उठून चहा ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या रिपोर्टच्या फाइलला त्यांनी आपणहून हात लावला, चष्मा लावून ती तीन मापं परत परत बघत बसले आणि मागच्या वेळी मोजणाऱ्याला दोन शिव्या घातल्या, त्यासुद्धा प्रोफेशनल.

तर माझं मत असं झालंय की या एआयचे २,००० वसूल झाले, पण पाटीवर ज्यासाठी घेतात त्यासाठी नाही. डाग शोधण्यात त्याने आम्हाला एक रात्र रडवलं. मोजण्यात मात्र त्याने आम्हाला वाचवलं. पाळतीत दरवर्षी प्रश्न एकच असतो, बदललं का, आणि त्यासाठी दरवेळी त्याच हत्याराने मोजणारं कोणीतरी पाहिजे जे थकत नाही, रेघ तिरकी मारत नाही. बदलाचा अर्थ लावायला मात्र ती माउसचं चाक फिरवणारी बाईच पाहिजे. फक्त एआयचं पान घेऊन कोणी घरी पाठवत असेल तर घेऊ नका, सरळ सांगा डॉक्टरच्या सहीशिवाय काही पाठवू नका.

डाग शोधण्यात एआय वाईटच असतं असंही मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पाय-काय नावाचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, दहा हजारांच्या वर एमआरआयवर सॉफ्टवेअर शिकवलं आणि तपासलं, मग ४०० केसेस ६२ रेडिऑलॉजिस्टना दिल्या, तर एआयचा स्कोअर ०.९१ आणि डॉक्टरांचा सरासरी ०.८६ (१ म्हणजे एकही चूक नाही). भारी आहे. पण ती स्कॅन्स मुख्यतः नेदरलँड्स आणि नॉर्वेची, आणि तिथे प्रश्न होता "गंभीर कॅन्सर आहे का?", माहीत असलेला बारीक कॅन्सर वर्षभरात हलला का हा नव्हता. शिवाय तिथलं सॉफ्टवेअर आणि आमच्या सेंटरच्या पाटीमागचं सॉफ्टवेअर एकच आहे असं कोण म्हणतंय? म्हणून तर विचारत होते कुणाच्या स्कॅनवर शिकवलंय. त्या मॅडम जेवायला.

अजून एक बारीक गोष्ट. सेंटरच्या फॉर्मवर पीएसएचा आकडा विचारतात पण गोळ्या विचारत नाहीत. प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड चालू असेल तर काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे कागदावरचा ३ हा खरा ६ असू शकतो, आणि डेन्सिटीचा अख्खा हिशेब कोसळतो. बाबांची गोळी नुसती टॅमसुलोसिन, त्यामुळे आमचं वाचलं. तुम्ही गोळीचं पाकीट सोबत न्या आणि फॉर्मवर स्वतः पेनने लिहा, जागा नसली तरी.

कॉन्ट्रास्टबद्दल विचाराल तर यावेळी दिलं, पुढच्या वेळी कदाचित लागणार नाही असं युरोलॉजिस्ट म्हणाले. २०२५ मध्ये प्राइम ट्रायलचा निकाल आलाय, कॉन्ट्रास्टशिवायचा छोटा एमआरआय गंभीर कॅन्सर शोधण्यात कमी पडला नाही, फक्त चित्रं चांगल्या दर्जाची पाहिजेत. म्हणजे परत तेच, मुळा नको.

बाकी सेंटर ठीक. एसी इतका की आईने शाल मागितली. पार्किंग नाही. वॉशरूम स्वच्छ, आमच्या बाबतीत ते महत्त्वाचं ठरलं. पाणी दिलं. चित्रांची सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितली तर म्हणतात लिंक पाठवलीय, आणि लिंक ३० दिवसांत बंद होते. पाळत चालणार दहा-पंधरा वर्षं आणि लिंक महिनाभर! सीडी घेतल्याशिवाय हलू नका.

पुढचा पीएसए जानेवारीत, आणि पुन्हा बायोप्सी करायचीच आहे कधीतरी, एमआरआय स्थिर आहे म्हणून ती कायमची टळत नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. बाबांनी दोन्ही सीड्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवल्यात, वर स्केचपेनने "मोजणी १" आणि "मोजणी २" लिहून. कोणाकडे यूएसबीवाला सीडी ड्राइव्ह पडून असेल तर कळवा, दोन्हींची कॉपी करून ठेवायचीय, एकीला आत्ताच ओरखडा पडलाय.